बायची मूठ

बाय, आपल्या घरात मीठ सोडून दुसरं काहीच मुबलक नव्हतं. आणि ते मीठसुद्धा आपलं नव्हतं. आगर शेठचं, पाणी खाडीचं, ऊन देवाचं. आपले फक्त पाय. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, तांदूळ मिळे तो कुबट, आणि आई पेजेत इतकं पाणी घालायची की शीत हाताला लागलं तर आपण एकमेकांना दाखवायचो. "मीठ घाला वरून," ती म्हणायची. "मीठ हाय ना." आपण घालायचो.

त्यातच उधाणाच्या भरतीला बांध फुटला. महिनाभर राखलेलं पाणी आणि वाफ्यांत धरलेलं मीठ, दोन्ही परत खाडीत गेलं. बाबा फुटक्या बांधावर डोकं धरून बसले. आई रडत होती. मी सात वर्षांचा, हातात रिकामी घमेली घेऊन उभा, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून वाट बघत. तू असशील बारा-तेराची. तू कुणाची वाट बघितली नाहीस. मीठ ओढायची लाकडी फळी उचललीस आणि वाफ्यातला गाळ ओढायला लागलीस. एकटीच. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि मग उठून म्हणाले, "मना पोऱ्या एकच हाय. तो म्हंजे चांगी."

मी तिथंच होतो, बाय. घमेली घेऊन.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. लोक मला म्हणतात, तुम्ही शिकलेले, बहिणीवर चार शब्द लिहा, तिनं तुमच्यासाठी किती खस्ता खाल्ल्या ते लिहा. तसं लिहिणं सोपं आहे. पण ते खरं नाही, आणि खोटं लिहिलेलं तुला चाललं नसतं. तू माझ्यासाठी शाळा सोडली नाहीस. तुला शाळा आवडायचीच नाही. चार दिवस बसलीस, पाचव्या दिवशी मास्तरांना सांगून आलीस, "माजा पानी तयार व्हायला आलाय, मी जातंय." मास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. मी मात्र शाळेत बसलो. मला वाटायचं, निदान इथं तरी ती नाही.

तेव्हा खरं काय ते लिहितो. मी जन्मभर तुझ्यावर जळलो. आणि एक गोष्ट तुझ्यापासून चोरली, ती तू जिवंत असताना कबूल केली नाही. ती कबूल करायला बसलोय. बाकी सगळं आजूबाजूचं आहे.

तुझ्या हातात दाणा होता. मिठाचा दाणा. हे आगराबाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की कळत नाही. त्याला वाटतं ऊन पडलं, पाणी आटलं, मीठ झालं. पण तू जाडं म्हटलंस की जाडं व्हायचं, बारीक म्हटलंस की बारीक. शेजारच्या वाफ्यात तेच पाणी, तेच ऊन, आणि त्यांचं मीठ खड्यांसारखं, तुझं रव्यासारखं. पाणी गुलाबी होऊन दाट झालं की तू हाताची पाठ त्यात बुडवायचीस आणि वाऱ्यावर धरायचीस. सात आकडे म्हणून होईपर्यंत कातडीवर पांढरा चट्टा आला, की मगच कमरेच्या फडक्यातून गेल्या खेपेच्या बारीक मिठाची एक मूठ काढून वाफ्यावर फेकायचीस. पेरल्यासारखी. मग फळीनं पाणी हलवत राहायचीस, साय धरू द्यायची नाहीस. मी एकदा विचारलं होतं, मीठ करायला मीठ कशाला टाकतेस? तू म्हणालीस, "येका दान्याला जागा दिली त तो येकटाच खाऊन मोठा व्हतो. हजारांना बोलावला त सगले बारीक रातात."

बाबा तुझ्या राशीतलं चिमूटभर मीठ उचलून कानापाशी दोन बोटांत चोळायचे. आवाज ऐकायचे. मान हलवायचे. मी मॅट्रिक झालो तेव्हा गावातला पहिलाच. पनवेलहून निकालाचा कागद घेऊन धावत आलो. बाबांनी हात धोतराला पुसले, कागद घेतला, उलटा धरला, आणि म्हणाले, "चांगीला वाचून दाखव." कागद त्यांनी कानापाशी धरला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

शिष्यवृत्ती मिळाली, पुण्याला कॉलेजात गेलो. निघताना तू मिठाची पुरचुंडी दिलीस. मला लाज वाटली. पोरं घरून तूप आणत होती. मी ती खानावळीच्या आचाऱ्याला देऊन टाकली. आठ दिवसांनी आचारी माझ्या खोलीवर आला, मला वाटलं काही चुकलं. तो म्हणाला, "ते मीठ अजून आहे का हो? आमटीत टाकलं की लगेच विरतं, खाली बसत नाही." चार वर्षांत त्या खानावळीत माझं नाव काय आहे हे त्याला माहीत झालं नाही. मी मीठवाला.

धातुशास्त्र शिकलो. पदवी मिळाली. आपल्या घराण्यात, आपल्या गावात, आसपासच्या पाच आगरांत पहिला. मी हे अभिमानानं सांगतो आणि सांगत राहणार. फुकट नाही मिळालेली. परत आलो तो पनवेलच्या बाजारात पितळेची पाटी करून घेतली, नावापुढे बी.ई., आणि दाराला ठोकली. तू तोवर लग्न करून शेजारच्याच आगरात गेली होतीस. बांध बदलला, काम तेच. पाटी बघायला आलीस, पदरातून चिंच आणि मीठ काढलंस आणि चोळून चोळून अशी लखलखीत केलीस की अक्षरांपेक्षा पितळच दिसायला लागलं. आणि बाजारात? बाजारात म्हातारे मला अजून हाक मारायचे, "अरे, तू चांगूचा भाऊ ना?" बी.ई. झालो, बाय. तरी चांगूचा भाऊ.

बंदराजवळच्या ओतशाळेत मला नोकरी लागली. त्या काळात होड्यांना इंजिनं बसायला लागली होती. इंजिन बाहेरून यायचं, पण खाली पाण्यात फिरतो तो पंखा आमच्याकडे ओतला जायचा. तांबं, त्यात थोडं ॲल्युमिनियम, दिसायला सोन्यासारखा. आणि तो मोडायचा. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, ओहोटीला पात्याचा टोला बसला की पातं काचेसारखं तुटायचं आणि होडी तिथंच पांगळी. करंज्याचे कोळी तुटका पंखा आणून आमच्या दारात टाकायचे. एकदा एक म्हातारा कोळी मला म्हणाला, "साहेब, तुमचा पंखा लई कडक हाय. आमच्या सासूवानी. वाकायचा नाव नाय."

मालकांनी मला बोलावून सांगितलं, हे सोडवा, नाहीतर पंख्याचं काम बंद करू. पंख्याचं काम बंद म्हणजे मीही बंद. त्या कामासाठीच मला घेतलं होतं.

धातू बळकट करायचे रस्ते मला ठाऊक होते. मिश्रणात एखादी वस्तू वाढवा, बळकट होतो. पण ठिसूळही होतो. थंड असताना ठोका, बळकट होतो. तसाच ठिसूळ होतो. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं गमवायचं. मऊ केला तर तुटत नाही, पण पातं ताणाखाली वळतं आणि झिजतं. कडकपणा हवा आणि चिवटपणाही हवा, दोन्ही एका वेळी, हे मागणं म्हणजे भर उन्हात सावली मागण्यासारखं. पुस्तकात एकच वाट दिली होती जिच्यात काही गमवावं लागत नाही. धातूही दाण्यादाण्यांनीच गोठतो. दाणा बारीक केला तर तो बळकटही होतो आणि चिवटही. त्यासाठी रसात थोडं लोखंड घालावं, असं लिहिलं होतं. मी घातलं. लोखंड मिसळलेल्या तांब्याचे तुकडे करून घातले. एकदा, दोनदा, सहा वेळा. प्रत्येक पंख्याबरोबर एक बोटभर कांडी ओतायचो, शिकंज्यात धरून हातोड्यानं वाकवायचो. थोडी झुकली की कडाक. सहाही वेळा.

आणि सहाव्या कांडीच्या दिवशीच तू आलीस.

आईनं माझ्यासाठी भाकरी आणि सुकट पाठवली होती, तू बाजारात आली होतीस म्हणून घेऊन आलीस. ओतशाळेच्या दारात उभी, पायांवर मीठ सुकलेलं, डोक्यावर पाटी. धातू वितळवायच्या मुशींपाशी आमचे रहिमचाचा उभे होते, तीस वर्षं भट्टी सांभाळलेला माणूस. मी तुटकी कांडी हातात घेऊन त्यांना काहीतरी समजावत होतो. तू पाटी उतरवलीस, माझ्या हातातून ती कांडी घेतलीस, उजेडात तुटलेलं तोंड धरलंस. आत दाणे चमकत होते, साखरेच्या खड्यांएवढे. तू म्हणालीस, "आरं बाला, हा त तुजा मीठ जाडा झालाय."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. "बाय, हे मीठ नाही. हा धातू आहे."

"मंग दाने कसले हायेत?"

"ते स्फटिक."

"मीठ पन तेच ना?"

मीठ पण तेच होतं. रहिमचाचा मात्र हसायचे थांबले होते.

"मूठ टाकलीस?" तू विचारलंस.

"टाकली. लोखंडाची."

"कदी टाकलीस?"

"सकाळीच. तांब्याबरोबर. साचे तयार होईपर्यंत रस दीड तास आगीवर ठेवावा लागतो."

तू कपाळावर हात मारून घेतलास. तो आवाज मला अजून ऐकू येतो. "पानी तयार नसतांना मूठ टाकलीस त ती मूठ पन पानीच व्हनार! कच्च्या पान्यात मीठ टाकून कोन बसतो? आनि वरून उकलत ठेवतोस!" मग रहिमचाचांकडे वळून, जणू तुम्ही दोघं एकाच आगरातले, "चाचा, तुमी तरी सांगायचा ना या साहेबाला."

"आपा, साहेब कुणाचं ऐकतात?" चाचा म्हणाले.

मी तुला म्हणालो, भाकरी ठेव आणि जा, इथं धग आहे, भाजशील. खरं तर मीच भाजलो होतो. सगळ्या कारखान्यासमोर. तू पाटी उचललीस आणि जाता जाता म्हणालीस, "हाताला चट्टा आल्याबिगर मूठ सोडायची नसते, बाला." आणि गेलीस. तुझ्या डोक्यात तो विषय तिथंच संपला असणार, तुला संध्याकाळच्या भरतीची घाई होती.

चौथ्या दिवशी चाचा म्हणाले, "साहेब, करून तर बघू. अल्ला मालिक." मी म्हणालो, करून बघू, म्हणजे बायची चूक तरी सिद्ध होईल. याच शब्दांत म्हणालो.

लोखंडाचे तुकडे बाजूला ठेवले. साचे आधी तयार केले, भट्टी उशिरा पेटवली, रस फार तापू दिला नाही. रस ओतायचा झाला, मूस आगीतून उचलली, तेव्हा, अगदी तेव्हा, चाचांनी तुकडे टाकले. हातानंच. सळईनं दोनदा ढवळलं आणि ओतलं. भट्टीवरचा एक गडी ओरडला, "आरं, साहेब मूठ मारतायत!" दुसरा म्हणाला, "कुणाच्या नावानं?" कोकणात मूठ मारणं म्हणजे करणी, ते तुला सांगायला नको. सगळे हसले. मी नाही.

कांडी गार झाली. शिकंज्यात धरली. चाचांनी हातोडा घातला. ती झुकली. आणखी घातला, आणखी झुकली. काटकोनात आली. चाचा थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी हातोडा घेतला आणि मीच घातला, रागानं घातला, ती कांडी मोडावी म्हणूनच घातला असं आज मला वाटतं. ती वळून तिची दोन टोकं जवळ आली आणि कुठंही चीर नव्हती. मग करवतीनं अर्धी कापून उरलेली मोडली, तेव्हा मोठ्या मुश्किलीनं मोडली. आत दाणा दिसेना. रेशमासारखं तोंड. ताणाच्या यंत्रावर त्याच रसाची दुसरी कांडी चढवली, ती आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त ताण घेऊन उभी राहिली.

चाचा म्हणाले, "जाऊन आपाला सांगा, साहेब. आत्ता."

मी आधी पुस्तक उघडलं. आणि सापडलं, बाय. त्याच पानाच्या खाली, बारीक अक्षरात, तळटीप होती. लोखंड शेवटी घालावं, रस जास्त वेळ ठेवू नये, नाहीतर गुण जातो. सहा वेळा ते पान उघडूनही मी ती तळटीप वाचली नव्हती. पण ती तिथं होती! तुला कसं सांगू मला केवढा आनंद झाला. दाणा बारीक झाल्याचा नाही. तळटीप मिळाल्याचा.

मालकांनी विचारलं, कसं साधलं? मी म्हणालो, "पुस्तकात आहे." पान उघडून दाखवलं. यात एक शब्द खोटा नव्हता. चाचा दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते निघून गेले. माझा पगार वाढला, पंख्याचं काम राहिलं, कामाची रीत इंग्रजीत टाइप करून भिंतीवर लावली. खाली माझं नाव, बी.ई.

शिमग्याला घरी आलो. तू अंगणात होतीस, लहान पोरांना सोंगांसाठी काळं फासत होतीस. तू विचारलंस, "तुज्या पंख्याचा काय झाला रं?"

मी आधीच वाक्य तयार ठेवलं होतं. "झाला. पुस्तकात मिळालं."

तू हात पुसलेस. माझ्याकडे बघून हसलीस, ते हसणं मी गेले अठरा दिवस उलटसुलट करून बघतोय, त्यात काय होतं ते मला काढता येत नाही. "बरा झाला," तू म्हणालीस. "पुस्तकात हाय म्हंजे आदी कोनीतरी केलेला हाय. त्याला इचार, त्याची बाय कोन व्हती."

आणि माझ्याही गालाला काळं फासलंस.

तुला कळलं होतं का? हे एकच मला विचारायचं होतं. तुला कळलं होतं आणि तू सोडून दिलंस, की तो तुझा नेहमीचा विनोद होता? पहिलं असेल तर तू माझ्यापेक्षा फार मोठी होतीस आणि तेही मला सहन होत नाही. दुसरं असेल तर मी तुला फसवलं. मी शिमग्यानंतर चार वेळा गावाला आलो. चार वेळा तुझ्या वाफ्याच्या बांधापर्यंत आलो. एकदा तर त्या कांडीचा मोडलेला तुकडा खिशात होता. तू हाताला पाणी लावून वाऱ्यावर धरून उभी होतीस, सात आकडे म्हणत. मी वाट बघितली, सात झाले, तू मूठ फेकलीस, आणि त्या फेकण्यात इतकं काही बरोबर होतं की मी तुकडा खिशातच ठेवला. मला ते तसं कधीच जमणार नाही. मी मोजून करतो, तापमान बघून करतो, आणि बरोबर करतो. पण मी विचार करतो. तू करायची नाहीस.

आपलं एक भांडणही राहिलं. मी कामगारांसाठी मराठीत सूचना लिहीत होतो, त्यात 'तन्यता' असा शब्द घातला होता. तू तो माझ्याकडून वाचून घेतलास आणि म्हणालीस, हा कोनचा शब्द? मी सांगितलं, न तुटता ताणलं जाण्याचा गुण. तू म्हणालीस, "म्हंजे चिवट. चिवट लिव ना." मी म्हणालो, चिवट हा बोलीतला शब्द आहे, माणसांना वापरतात, शास्त्राला नेमका शब्द लागतो. तू म्हणालीस, माणूस काय कमी नेमका असतो? मी उत्तर दिलं नाही. आता देतो. शब्द तुझाच बरा होता.

मग तीन दिवसांचा ताप, आणि मी पोचेपर्यंत तू बोलत नव्हतीस.

खाडीवर किती माणसं आली होती, बाय. तीन गावांची. आगरांतली सगळी कामं बंद होती, वाफे तसेच पडलेले. करंज्याहून कोळणी होडीनं आल्या होत्या, आणि त्या होडीला आमचाच पंखा होता. एक कोळीण म्हणाली, "चांगूच्या हातचा मीठ मासलीला बसायचा, आता कुटून आनायचा?" जिथं अग्नी दिला तिथं उभा राहून मी माणसं मोजत होतो. माझ्यासाठी इतकी येणार नाहीत, असा हिशोब करत होतो. अशा वेळीसुद्धा. तुला सांगतो, कारण तूच ऐकून घेशील.

दहाव्याच्या दिवशी बाबा अंगणात बसले होते. आता त्यांना नीट दिसत नाही. मी जवळ बसलो तर त्यांनी माझा हात धरला, घट्ट, आणि म्हणाले, "माजा पोऱ्या गेला रं."

माझा हात धरून, बाय. माझाच.

मी तिथं उठून जाऊ शकलो असतो. सात वर्षांचा होतो तेव्हाही जाऊ शकलो असतो आणि गेलो नव्हतो. मी खिशातून मोडलेला तो तुकडा काढला, रेशमासारख्या तोंडाचा, आणि त्यांच्या हातात दिला. सगळं सांगितलं. सहा कांड्या, तू कपाळावर मारलेला हात, चाचांनी टाकलेली मूठ, तळटीप, मालक, शिमगा. सगळं. बाबांनी मध्ये एकदाच विचारलं, "पानी कच्चा व्हता?" मी म्हणालो, हो, कच्चंच होतं. त्यांनी त्या तुकड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग तो कानापाशी नेला आणि दोन बोटांत चोळला, जसं मीठ चोळायचे. धातूचा कसला आवाज येणार. पण त्यांनी मान हलवली.

"चांगीचाच हाय," ते म्हणाले.

आणि थोड्या वेळानं, तुकडा परत माझ्या हातात ठेवून, "वतला कोनी?"

"मी."

"हां," ते म्हणाले. बस, एवढंच. पण तुकडा देताना माझी बोटं त्यांनी त्याच्याभोवती मिटवली.

तेराव्यानंतर कामावर गेलो आणि मालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललात?" मी म्हणालो, जळत होतो. ते म्हणाले, "भिंतीवरचा कागद बदला." तो बदलला. मराठीत लिहिला, मोठ्या अक्षरात, भट्टीवरच्या सगळ्यांना वाचता येईल असा. माझ्या आधीच्या सूचनांतली तन्यता काढून चिवटपणा लिहिलं. चाचांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवला. एका ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावली. ती ओळ अशी आहे: "रस ओतायचा झाला की मगच बायची मूठ टाकावी; आधी टाकल्यास ती मूठही रसच होते."

खाली माझं नाव आहे. ते मी काढलं नाही. त्याच्यावर तुझं आहे. ते वर असलेलं मला आजही खुपतं, आणि तिथंच राहणार आहे.

पंखा आता पूर्वीच्या दीडपट ताण घेतो. खडकावर आपटला तर पातं वाकतं, आणि कोळी ते किनाऱ्यावर लाकडी हातोड्यानं ठोकून सरळ करतात. एकतीस होड्यांना बसवला आहे. एकाचंही पातं तुटलेलं नाही.